अर्धा गुण

फॉर्म्युला वनच्या निकालांच्या जाडजूड संदर्भपुस्तकांत शेवटच्या पानांवर सगळ्या ड्रायव्हरांची यादी असते. नाव, देश, शर्यती किती, विजय किती, गुण किती. १९५० साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. त्या दिवसापासून आजवर जो कोणी तिथे सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला, त्याच्या वाट्याला या यादीतली एक ओळ आली आहे. रॉजर विल्यमसन : शर्यती २, गुण शून्य. लेला लोम्बार्डी : शर्यती १२, गुण अर्धा. श्टेफान बेलोफ : शर्यती २०, गुण ४. टॉम प्राइस : शर्यती ४२, गुण १९. विजयाच्या रकान्यात चौघांपुढेही शून्य.

ज्यांनी या चौघांना चालवताना पाहिले, त्यांना ही ओळ पटत नाही. मग चर्चा सुरू होते आणि बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबते : नशीब. आपल्यालाही हा शब्द नवा नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रुळांवर बालकवी ठोंबरे गेले, तेव्हा ते तिशीच्या आत होते. गेली शंभर वर्षे आपण त्याबद्दल लिहिताना काळाने घाला घातला, नियतीने डाव साधला, असेच लिहीत आलो. या वाक्यांचा कर्ता नेहमी काळ असतो किंवा नियती. माणूस कधीच नसतो.

कवीच्या बाबतीत ही सवय एक वेळ खपून जाईल. मोटारशर्यतीच्या बाबतीत मात्र ती खपू नये. इथे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद ठेवली जाते. कोणी कोणता नियम केला, कठडे कोणी बसवले, गाडीत बसण्याचे पैसे कोणी भरले, हे सगळे कागदावर असते. त्यामुळे ‘नशीब’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातले खरोखर नशिबाचे किती आणि माणसांनी घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयांचे किती, याचा हिशेब मांडता येतो. या लेखात तोच मांडून पाहायचा आहे. त्यासाठी एक माणूस सोबतीला घेतो : ऑस्ट्रियाचा निकी लाउडा, तीन वेळा जगज्जेता. या अपुऱ्या कहाण्यांपैकी बऱ्याच जणींत तो आजूबाजूला कुठेतरी आहे आणि त्याची स्वतःची कहाणी पुरी झाली आहे.

दोन शर्यतींचा माणूस

रॉजर विल्यमसन हा इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातला. १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीत अजिंक्यपदे मिळवली. घरचा पैसा नव्हता. त्याला टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाचा एक बांधकाम व्यावसायिक भेटला. दुसऱ्या महायुद्धापासून बंद पडलेला डॉनिंग्टन पार्कचा ट्रॅक याच गृहस्थाने विकत घेतला होता. त्याने या पोरावर मुलासारखा जीव लावला आणि खर्च उचलला. १९७३ च्या जूनमध्ये विल्यमसनने मोन्झाची फॉर्म्युला टू शर्यत जिंकली. जुलैत व्हीटक्रॉफ्टच्या पैशावर मार्च संघाची गाडी घेऊन तो सिल्व्हरस्टोनला पहिल्या ग्रां प्रीत उतरला आणि पहिल्याच फेरीत दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या मोठ्या टकरीत त्याची गाडी बाद झाली.

दुसरी शर्यत २९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमध्ये झान्डव्हूर्टला होती. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून जाणारा हा ट्रॅक. तीनच वर्षांपूर्वी, जून १९७० मध्ये, पिअर्स करेज हा ड्रायव्हर इथेच गाडीला आग लागून गेला होता. १९७२ साली सुरक्षेच्या कारणावरून इथली शर्यतच झाली नाही. मग ट्रॅकची डागडुजी झाली, नवे लोखंडी कठडे बसले आणि १९७३ साली शर्यत परत आली.

आठव्या फेरीत विल्यमसनची गाडी कठड्यावर आदळली, उलटी झाली, घसरत गेली आणि पेटली. टायर फुटला असावा, असा अंदाज आहे. आदळल्याने त्याला मोठी इजा झाली नव्हती. तो उलट्या गाडीखाली अडकला होता. मागून येणारा डेव्हिड पर्ली हा ड्रायव्हर आपली गाडी थांबवून उतरला, धावत ट्रॅक ओलांडला आणि एकट्याने ती गाडी सरळ करायला लागला. गाडी हलेना. त्याने मार्शलच्या हातातले आग विझवण्याचे नळकांडे घेऊन रिकामे केले, पुन्हा गाडीला खांदा लावला. आजूबाजूला मार्शल होते, पण त्यांच्या अंगावर साधे कपडे होते, आगीजवळ जाणे त्यांना शक्य नव्हते. शर्यत चालूच राहिली. शेजारून जाणाऱ्या ड्रायव्हरांना हेल्मेट घातलेला एक जण गाडीपाशी धावपळ करताना दिसत होता. त्यांना वाटले, जळणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हाच, म्हणजे सुटला. प्रत्यक्षात ज्याला वाचवायचे तो आतच होता. आगीचा बंब पोचायला काही मिनिटे लागली, तोवर विल्यमसन गुदमरून गेला होता. तो २५ वर्षांचा होता. हे सगळे टेलिव्हिजनवर थेट दिसत होते. शर्यत जॅकी स्टुअर्टने जिंकली. हा त्याचा २६ वा विजय, त्या वेळचा विक्रम. पुढे पर्लीला शौर्याबद्दल ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले.

टायर फुटणे हा नशिबाचा भाग म्हणू. पण पुढचे काय? तीन वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर आगीत माणूस गेला होता. त्यानंतर कठड्यांसाठी पैसे निघाले, कपड्यांसाठी निघाले नाहीत. नियंत्रण कक्षाला आगीचे गांभीर्य वेळेत कळले नाही आणि शर्यत थांबवण्याचा निर्णय कोणी घेतला नाही. मार्शलांना अग्निरोधक कपडे देणे सक्तीचे झाले ते या मृत्यूनंतर.

त्या दिवशी शर्यतीत एक तरुण ऑस्ट्रियन ड्रायव्हरही होता, बीआरएम संघाच्या गाडीत. निकी लाउडा. बाकीच्यांसारखाच तोही त्या धुराशेजारून पुढे गेला.

ज्याच्यासाठी चौघे थांबले, आणि जो मुलगा धावला

तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९७६ रोजी, जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगला खुद्द लाउडाची फेरारी आदळून पेटली. हा ट्रॅक धोक्याचा आहे, इथे शर्यत नको, असे त्याने आधीच म्हटले होते. सहकाऱ्यांनी बहुमताने ते फेटाळले. पेटलेल्या गाडीपाशी चार ड्रायव्हर पोचले : गाय एडवर्ड्स, ब्रेट लुंगर, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारियो. लुंगरची गाडी तर लाउडाच्याच गाडीवर आदळली होती, म्हणजे थांबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. चौघांनी मिळून त्याला ओढून बाहेर काढले. चेहरा भाजला होता, फुप्फुसांत विषारी धूर गेला होता. सहा आठवड्यांनी तो मोन्झाला पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. पुढे त्याने आणखी दोन अजिंक्यपदे जिंकली.

लाउडाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण झान्डव्हूर्टला एक माणूस थांबला आणि नुर्बुर्गरिंगला चार. एका नावापुढे आज तीन अजिंक्यपदे आहेत, दुसऱ्यापुढे दोन शर्यती. हा फरक दोघांच्या गुणवत्तेतला नक्कीच नव्हता.

टॉम प्राइसची गोष्ट याच धाग्याची, फक्त उलट्या बाजूने विणलेली. वेल्समधल्या पोलिसाचा हा मुलगा. एका वृत्तपत्राच्या नवोदितांसाठीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस म्हणून शर्यतीची गाडी मिळाली आणि त्याची सुरुवात झाली. १९७४ साली मोनाकोच्या ग्रां प्रीत त्याला अननुभवी ठरवून प्रवेश नाकारला गेला. त्याच आठवड्यात त्याच रस्त्यांवर तो फॉर्म्युला थ्रीची शर्यत चालवायला उतरला आणि मोठ्या फरकाने जिंकला. शॅडो संघाने त्याला लगेच घेतले. १९७५ साली ब्रँड्स हॅचला अजिंक्यपदाबाहेरची ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ त्याने जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या ग्रां प्रीत तो सर्वांत पुढून सुटला. दोनदा तिसरा आला.

५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेतले क्यालामी. प्राइसच्याच संघातल्या रेन्झो झोर्झीची गाडी सरळ पट्ट्याच्या कडेला थांबली आणि तिला बारीकशी आग लागली. समोरच्या बाजूने दोन मार्शल ट्रॅक ओलांडून निघाले. दुसरा होता १९ वर्षांचा, हातात जड नळकांडे. रस्त्याला तिथे उंचवटा होता. पलीकडून ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगाने येणाऱ्या प्राइसला तो दिसणे शक्यच नव्हते. तो मुलगा जागीच गेला आणि त्याच्या हातातले नळकांडे डोक्यावर बसून प्राइसही गेला. प्राइस २७ वर्षांचा होता. ती शर्यत लाउडाने जिंकली, भाजल्यानंतरचा त्याचा पहिला विजय.

झान्डव्हूर्टला मार्शल आगीजवळ गेले नाहीत म्हणून एक ड्रायव्हर गेला. क्यालामीला एक मार्शल आगीकडे धावला म्हणून दुसरा गेला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की एकच गोष्ट दिसते. जीव वाचवायचे काम ज्यांच्यावर सोपवले होते, त्यांना ते कसे करायचे हे पुरेसे शिकवलेले नव्हते. १९ वर्षांच्या त्या मुलाला भ्याड म्हणता येत नाही आणि बेजबाबदार म्हणतानाही जीभ अडखळते. तो धावत होता ते कोणाला तरी वाचवायला. ड्रायव्हरांच्या यादीत त्याच्यासाठी ओळ नाही.

अर्ध्या गुणाची बाई

आता त्या अर्ध्या गुणाकडे वळू. त्या काळी शर्यतीतल्या पहिल्या सहांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ आणि १ गुण मिळत. शर्यत बरीच आधी थांबवावी लागली तर निम्मे. लेला लोम्बार्डी ही उत्तर इटलीतल्या खाटकाची मुलगी. दुकानाचा माल पोचवायची गाडी चालवता चालवता तिला वेगाची गोडी लागली. मार्च संघात तिला जागा मिळाली ती एका उमरावाच्या पाठबळावर आणि एका कॉफी कंपनीच्या जाहिरातीवर.

२७ एप्रिल १९७५ रोजी बार्सिलोनात मोंटज्युइकला शर्यत होती. ड्रायव्हर पाहणीला गेले तर कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेलेही नव्हते. त्यांनी गाडी चालवायला नकार दिला. मग संघांचे मेकॅनिक स्वतः पाने घेऊन कठडे आवळायला गेले आणि गाड्या जप्त होण्याच्या धास्तीने बहुतेक ड्रायव्हर शेवटी उतरले. आदल्या वर्षीचा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी मात्र निषेध म्हणून घरी निघून गेला. सर्वांत पुढून सुटलेला लाउडा पहिल्याच वळणावर टकरीत बाद झाला. २६ व्या फेरीत आघाडीवरच्या रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यापलीकडे उडाली आणि तिथे उभी असलेली माणसे मेली. थोड्याच वेळात शर्यत थांबली. तेव्हा लोम्बार्डी सहाव्या स्थानावर होती. एका गुणाचा अर्धा गुण.

अजिंक्यपदात गुण मिळवणारी ती पहिली बाई आणि आजतागायत एकमेव. या अर्ध्या गुणाला मृतांची सावली आहे, म्हणून तो साजरा करणेही कठीण. पण त्याच मोसमात जर्मनीत, बावीस किलोमीटरहून लांब असलेल्या त्याच नुर्बुर्गरिंगवर, ती सातवी आली होती हे कमी जणांना आठवते. तिची तक्रार होती की गाडी वळणावर धड वागत नाही. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. १९७६ च्या पहिल्या शर्यतीनंतर तिची जागा स्वीडनच्या रॉनी पेटरसनला मिळाली. तिची जुनी गाडी चालवून पाहिल्यावर पेटरसननेही तीच तक्रार केली, तेव्हा तपासणी झाली आणि मागच्या भागातला एक सांगाडा तडकलेला सापडला, असे पुढे मार्चच्याच गोटातून सांगितले गेले. पेटरसन फार मोठा ड्रायव्हर होता, यात वाद नाही. पण तडा बाईच्या तक्रारीच्या वेळीही तिथे असलाच, तर तो दिसायला पुरुषाने सांगावे लागले.

१९७६ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत लोम्बार्डी शेवटची उतरली. तिच्यानंतर अजिंक्यपदाच्या शर्यतीत आजवर एकही बाई सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिलेली नाही. दक्षिण आफ्रिकेची डेझिरे विल्सन १९८० साली ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रिटिश मालिकेतली शर्यत जिंकली. अशा गाडीत शर्यत जिंकलेली ती एकमेव बाई. त्याच वर्षी त्याच ट्रॅकवर झालेल्या ग्रां प्रीसाठी मात्र तिला पात्र होता आले नाही आणि पुढे पैशाअभावी दार बंद झाले. १९९२ साली कॅन्सरने लोम्बार्डी गेली, तेव्हा ती पन्नाशीत होती.

पुसलेले तिसरे स्थान

श्टेफान बेलोफ हा जर्मनीतल्या गीसनचा. २८ मे १९८३ रोजी नुर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर एक हजार किलोमीटरच्या शर्यतीआधी त्याने पोर्शे ९५६ मध्ये ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत फेरी मारली. २० किलोमीटर ८३२ मीटरची, अरुंद, झाडीतून चढउतार करत जाणारी ती फेरी. सरासरी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. हा विक्रम ३५ वर्षे टिकला. २०१८ साली तो मोडला तोही पोर्शेने मुद्दाम त्यासाठी सज्ज केलेल्या गाडीने. हेही सांगितले पाहिजे, की प्रत्यक्ष शर्यतीत आघाडीवर असताना बेलोफने गाडी जोरात आदळवली. त्याला आवर घालणे त्याचे त्यालाच जमत नसे. १९८४ साली मात्र सहनशक्तीच्या शर्यतींचा तो जगज्जेता झाला.

त्याच वर्षी, ३ जून १९८४ रोजी, मोनाकोत धुवाधार पाऊस होता. बेलोफ टिरेल संघात होता. मैदानातल्या बाकी सगळ्या गाड्यांना टर्बो इंजिन, याच्या एकट्याच्या गाडीला जुने साधे. तो विसावा, म्हणजे सर्वांत मागून सुटला. ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवली तेव्हा तो तिसरा होता. पहिला अ‍ॅलन प्रॉस्ट, दुसरा नवखा आयर्टन सेन्ना. सेन्ना प्रॉस्टला गाठत होता. लाल बावटा दाखवणारा अधिकारी होता जॅकी इक्स, स्वतः मोठा ड्रायव्हर आणि पावसातला उस्ताद.

अर्धे गुण वाटले गेले. प्रॉस्टला विजयाच्या नऊऐवजी साडेचार मिळाले. वर्षाअखेरीस लाउडा ७२ गुणांनी जगज्जेता झाला, प्रॉस्ट ७१.५ वर राहिला. तफावत अर्ध्या गुणाची. मोनाकोची शर्यत पुरी होऊन प्रॉस्ट दुसरा आला असता, तरी सहा गुण घेऊन तो जगज्जेता झाला असता. इतका मोठा अर्धा गुण इतिहासात दुसरा नसेल.

बेलोफचे काय झाले? काही आठवड्यांनी टिरेलच्या गाडीत शर्यतीच्या अखेरीस भरल्या जाणाऱ्या पाण्यात शिशाचे छर्रे सापडले. गाडी हलकी पळवायची आणि शेवटी वजन भरून काढायचे, असा आरोप झाला. संघाचे त्या संपूर्ण वर्षाचे निकाल रद्द केले गेले. इंधनाच्या नियमांवरून चाललेल्या वादात टर्बो नसलेला हा एकटा संघ बड्यांच्या आड येत होता म्हणून शिक्षा इतकी कडक झाली, असे तेव्हापासून बोलले जाते. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकते. गाडी खरेच हलकी असेल, तर मोनाकोच्या त्या तिसऱ्या स्थानाकडेही थोडे सांभाळून पाहावे लागते. पण पाण्याच्या टाकीत काय भरायचे हे ड्रायव्हर ठरवत नाही आणि ओल्या रस्त्यावर गाडी कुठे वळवायची हे टाकी ठरवत नाही. आजच्या यादीत बेलोफपुढे १९८४ सालचा एकही गुण नाही. आहेत ते चार गुण १९८५ चे.

१ सप्टेंबर १९८५ रोजी बेल्जियममधल्या स्पाला सहनशक्तीची शर्यत होती. ओ रूजच्या वळणावर बेलोफने पुढच्या पोर्शेला मागे टाकायचा प्रयत्न केला. तिथे दोन गाड्यांना जागा नसते. गाड्या एकमेकींना लागल्या, बेलोफची गाडी सरळ कठड्यावर गेली. तो २७ वर्षांचा होता. दुसऱ्या गाडीत होता जॅकी इक्स. हा निर्णय बेलोफचा स्वतःचा होता आणि प्रामाणिक हिशेबात तो त्याच्याच खात्यावर टाकावा लागतो. तीनच आठवड्यांपूर्वी कॅनडात मानफ्रेड व्हिंकेलहॉक हा दुसरा जर्मन ड्रायव्हरही पोर्शेतच गेला होता.

ज्यांना मृत्यूने नव्हे, बिलाने थांबवले

या खेळातल्या सगळ्या अपुऱ्या कहाण्या स्मशानात संपत नाहीत. पुष्कळशा हिशेबनिसाच्या टेबलावर संपतात. कोइम्बतूरच्या नारायण कार्तिकेयनने १९९६ साली फॉर्म्युला आशियाचे अजिंक्यपद मिळवले, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत शर्यती जिंकल्या, २००१ साली जॅग्वारची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहिली. २००४ साठी मिनार्डी संघात जागा होती, तिच्यासाठी लागणारे प्रायोजक मिळाले नाहीत. २००५ साली टाटांच्या पाठबळावर तो जॉर्डन संघातून उतरला आणि फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय झाला. तेव्हा त्याचे वय २८. त्याच वर्षी जॉर्डन संघ विकला गेला होता, गाडी मागे पडलेली होती. इंडियानापोलिसला टायरांच्या वादातून १४ गाड्या शर्यतीतून बाहेर पडल्या, सहाच धावल्या, त्यांत तो चौथा आला आणि पाच गुण मिळाले. पुढच्या वर्षी जागा गेली. पुन्हा जागा मिळाली २०११ मध्ये, एचआरटी या सर्वांत मागच्या संघात, तीही मोसमाच्या मध्यावर काढून घेतली गेली.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडात भारताची पहिली ग्रां प्री झाली. कार्तिकेयनला त्या दिवसापुरती जागा परत मिळाली. चेन्नईच्या करुण चंडोकला लोटस संघाने शुक्रवारच्या सरावात गाडी दिली, शर्यतीत दिली नाही. त्याच्या नावावर ११ शर्यती आहेत. ‘फोर्स इंडिया’ नावाचा संघ तेव्हा मैदानात होता, पण २००८ ते २०१८ या आयुष्यात त्या संघाने एकाही भारतीयाला शर्यतीत बसवले नाही. मुंबईचा जेहान दारूवाला हा त्याच संघाने घेतलेल्या शोधमोहिमेतून २०११ साली निवडलेल्या तिघांपैकी एक. २०२० साली तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय झाला, २०२२ साली मॅक्लॅरेनच्या गाडीत चाचणीही दिली. त्याच्यासाठी फॉर्म्युला वनचे दार उघडले नाही आणि तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडे वळला.

इथे लाउडाची आठवण पुन्हा होते. तोही पैसे भरूनच आत आला होता. घरच्यांचा विरोध असताना १९७२ च्या सुमारास त्याने बँकेचे कर्ज काढून मार्च संघातली जागा विकत घेतली. म्हणजे पैसे देऊन येणारे सगळे सुमार असतात, हा समज खोटा आहे. प्रश्न असा, की कर्जाचे पैसे संपण्याआधी चांगली गाडी हाती येते की नाही. लाउडाला १९७४ साली फेरारी मिळाली. कार्तिकेयनला चांगली गाडी कधी मिळालीच नाही. मग तो किती मोठा होता हे आपल्याला कसे कळणार? मला वाटते, अन्यायाचा हा प्रकार मृत्यूइतका दारुण नसला तरी जास्त सर्वव्यापी आहे. इथे माणूस हरत नाही, त्याचे मोजमापच होत नाही.

वीस वर्षांपूर्वीचा इशारा

हे सगळे जुन्या, बेफिकीर काळातले, असे वाटत असेल तर जपानमधल्या सुझुकाकडे पाहावे. १९९४ साली पावसात मार्टिन ब्रंडलची गाडी घसरली, गाड्या उचलणाऱ्या ट्रॅक्टरला थोडक्यात चुकली आणि एका मार्शलला लागली. त्याचा पाय मोडला. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी, पुन्हा पावसात, ट्रॅकच्या त्याच भागात फ्रान्सच्या ज्यूल बियांकीची गाडी घसरली. या वेळी ट्रॅक्टर चुकला नाही. याच बियांकीने त्या वर्षी मोनाकोत नववे येऊन मारुसिया या गरीब संघाला त्यांचे पहिले दोन गुण मिळवून दिले होते. नऊ महिने बेशुद्धीत राहून तो जुलै २०१५ मध्ये गेला. चौकशी समितीने म्हटले, की पिवळे बावटे असताना त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता. ते खरे असेल. पण २०१५ पासून अशा प्रसंगी सगळ्यांचाच वेग यंत्रणेने बांधून टाकण्याची पद्धत आली. ती वीस वर्षे आधी येऊ शकली असती. तरीही २०२२ साली याच सुझुकात, पावसात, ड्रायव्हर गाडीत असताना ट्रॅकवर उचलगाडी आणली गेली आणि बियांकीचा मित्र प्येर गॅस्ली तिच्या शेजारून गेला. या वेळी काही झाले नाही. यालाच आपण नशीब म्हणतो.

एक आक्षेप मनात ठेवायला हवा. हा धोका या लोकांनी स्वखुशीने पत्करला होता आणि तरुणपणी गेलेल्यांची प्रतिभा मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांत वाढत जाते. विल्यमसन जगता तर जगज्जेता झाला असता, असे मी म्हणणार नाही. कदाचित दोन-चार वर्षे मागच्या रांगेत काढून तो लेस्टरला परतला असता. पण धोका पत्करणे म्हणजे साध्या कपड्यांतले मार्शल पत्करणे नव्हे. सैल बोल्ट आणि ओल्या कडेला उभा ट्रॅक्टर हेही त्या करारात नव्हते. नसलेली अजिंक्यपदे या नावांपुढे लिहून त्यांना न्याय मिळणार नाही. त्यांच्या ओळीतला शून्य कोणत्या निर्णयांनी घडला, ते निर्णय नोंदवले तर थोडाफार मिळेल.

टॉम व्हीटक्रॉफ्टने पुढे डॉनिंग्टनचा ट्रॅक उभा केला, १९७७ साली तो पुन्हा सुरू झाला आणि १९९३ साली तिथे ग्रां प्रीही झाली. २००३ साली, तीस वर्षांनी, तिथे रॉजर विल्यमसनचा पुतळा बसवला गेला. डेव्हिड पर्ली १९८५ साली विमान अपघातात गेला. शर्यतीच्या निकालात, २९ जुलै १९७३ च्या पानावर, त्याच्या नावापुढे ‘शर्यत सोडली’ अशीच नोंद आहे.